दुसऱ्या पाण्याचा सुरवा

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, माहेरच्या बहिणीले नाई. देवापुढे हात जोडून कितीदा तरी बसली असन, पण तिथीही ही एक गोष्ट बाजूले ठेवूनच बोलली. आता तुम्हाले सांगते — तुम्ही माह्या ओळखीचे नाई म्हणून असन, का वय झालं म्हणून असन. काऊन, ते मलेही धड माहीत नाई.

अन् गोष्ट तरी केवढी? ऐकाल तं हसाल. बकऱ्याच्या पायाचा सुरवा — बस, एवढीच. कोणाचा जीव घेतला नाई, कोणाच्या घरी चोरी केली नाई… चोरी तं होयच म्हणा. थांबा, मी पुढं पळून राह्यली. पहिलेपासून सांगते.

आमचं गाव मुलचेऱ्याकडचं. धानाच्या बांध्या संपल्या का लगेच जंगल सुरू. श्रावणात तिथी सकाळ होतच नाई असं वाटते. पाऊस जोराचा नसते, पण सुटतही नाई. जंगलातलं धुकं बांध्यांवर येऊन बसते, चुलीचा धूर छपराच्या कवेलूतून वर जात नाई, घरातल्या घरातच फिरत राह्यते. माणूस जागा आहे का झोपेत, त्याचं त्याले समजत नाई. त्या दिवसांचं मले जे आठवते ते असंच, धुरातून पाहिल्यासारखं आठवते. पण जे केलं ते मी जागेपणी केलं — हे आधीच सांगून ठेवते, नाईतर मीच पुढं जाऊन म्हणीन का मले कळतच नव्हतं.

घरात आम्ही दोघी जावा. मी मोठी, कविता धाकटी. ती माह्यापेक्षा पुष्कळ लहान अन् बोलकी लय. मले 'बाई' म्हणे. बाई हे कसं करू, बाई ते कुठी ठेवू — दिवसभर माह्या मागं मागं. मी ओट्यावर बसली का ही आपली माह्या केसात तेल घालायले तयार. वाईट असती तं मले सोपं गेलं असतं. पण वाईट नव्हती ती, काय करता?

तिचं माहेर भामरागडाच्या पलीकडं. पहिलं बाळंतपण मायच्या घरी व्हायले पाहिजे, अशी रीत. पण तिचे दिवस भरले ते नेमके भर पावसाळ्यात. नदी रस्त्यावर आली, तिकडचा रस्ता बंद. पोरगी झाली आमच्याच घरी, अन् तिच्या मायले हे समजायलेच लय दिवस लागले. सासू मले म्हणाली, "मोठे, हिची माय आता तूच." असं म्हणाली ती. मी मान हलवली.

आमच्याकडे बाळंतिणीले पायाचा सुरवा लागतेच. त्यानं कंबर भरते, त्यानं अंगावर दूध उतरते, असं सारेच मानतात. पण श्रावण होता ना. आमच्या घरात श्रावण कडक पाळत. पोळा झाल्याशिवाय घरात अंडंसुद्धा यायचं नाई. सासूनं मंग मधला रस्ता काढला. "माह्या चुलीवर हाड चढणार नाई. पण बाळंतिणीले दोष नाई. कोठ्याच्या बाजूले वेगळी चूल मांड, भांडी वेगळी ठेव, अन् तूच कर." भांडी वेगळी म्हणजे काय, तं कविताचाच कुकर. तिच्या मायनं आंदणात दिलेला. नवाकोरा होता, तोवर खोक्यातच होता बिचारा.

गुरांच्या कोठ्याले लागून एक पडवी होती. तिथी मी चूल घातली. आता हे नीट समजून घ्या, कारण साऱ्या गोष्टीची गोम इथीच आहे. त्या मांसाच्या भांड्याले कोणाचा हात लागला तं त्याले आंघोळ करावी लागे. म्हणून सासू त्या बाजूले फिरकतच नव्हती. बाकी सारं घर सकाळीच रोवण्याले जाये, चिखलात धान लावायले. त्या चुलीजवळ यायची फक्त मी. त्या सुरव्याचा घोट घ्यायची फक्त कविता. मधात कोणी नाई. मीठ पाहाले नाई, चव पाहाले नाई, कितीसा उरला हे पाहाले नाई.

दीर, म्हणजे कविताचा नवरा, सायकलवर पलीकडं बंगालातून येऊन वसलेल्या लोकांच्या गावात जाये. तिथल्या बाजारात श्रावणातही बकरा कापतात. पिशवीत पाये घेऊन यायचा, अन् पिशवी पडवीत ठेवून दूर उभा राहून सांगायचा, "वहिनी, ठेवलं पहा." मंग माहं काम. पाये विस्तवावर धरायचे, केस जाळायचे, विळ्यानं खरवडायचे, हळद लावून चोळून चोळून धुवायचे, कुऱ्हाडीनं तोडायचे. कुकरच्या बुडाले बाहेरून राखेचा लेप द्यायचा, म्हणजे काळा पडला तरी घासता येते. आत पाये, लसूण, मिरे, ओवा, सुंठ, हळद, मीठ. तिखट नाई. साजाची लाकडं घालून जाळ लावायचा अन् शिट्ट्या होऊ द्यायच्या. मंग जाळ ओढून निखाऱ्यावर सोडून द्यायचं. आधीच्या काळी हेच मातीच्या गाडग्यात होये, सकाळी लावलेलं दिवस बुडता बुडता शिजे. कुकरमध्ये दुपारपर्यंत होऊन जाते.

झाकण काढलं का पहिली वाफ तोंडावर येते. तुम्ही कधी घेतली का ती वाफ? मिऱ्याची, हाडाच्या मगजाची… बाहेर पावसाची बारीक झिमझिम, मागं गाय रवंथ करून राह्यली, अन् पुढं हे पिवळं, दाट, तवंगानं भरलेलं पाणी. मले गुंगी आल्यासारखं होये. पहिल्या दिवशी मी मीठ पाहाले म्हणून पळीभर तोंडात घातलं. श्रावण माहाही होता. मीही पाळून राह्यली होती. पण मीठ तं पाहावंच लागते ना — असं मी माह्याच मनाले म्हटलं.

पळीभराचं वाटीभर कधी झालं? दुसऱ्या दिवशी का तिसऱ्या, मले सांगता येणार नाई.

आता एक सांगावं लागते. ते मी कारण म्हणून सांगून राह्यली नाई — पण न सांगता पुढंही जाता येत नाई. कविता या घरात यायच्या आधी मलेही एक लेकरू झालं होतं. झालं ते मेलेलंच झालं. मुलगा होता. मले त्याचं तोंड दाखवलं नाई, बरं नसते म्हणे. मी खाटेवर पडून होती. बहीण भेटायले आली अन् सासूले म्हणाली, हिले पायाचा सुरवा करा ना, अशक्त झाली. सासू म्हणाली, "लेकरू नाई तं सुरवा कोणासाठी करायचा?" दुष्टपणानं नाई म्हणाली ती. तिले तसंच वाटलं. सुरवा लेकराचा असते, मायचा नसते. अन् गंमत पहा, मले दूध आलं. सुरवा नाई, लेकरू नाई, तरी आलं. लुगडं ओलं होये. सासूनं छाती कापडानं गच्च बांधून टाकली, आटेपर्यंत.

त्यानंतर मले लेकरू राह्यलंच नाई.

तं त्या पडवीत मी बसायची, वाटी ओठाले लावायची, अन् मले वाटायचं, हा माहा आहे. इतक्या वर्षांनी कोणीतरी माह्यासाठी केला. करणारी मीच होती, तरी तसं वाटे. असा काहीतरी गोड झोपेसारखा विचार. वाटीच्या दोन वाट्या झाल्या. मंग एक दिवस मी भानावर आली तं कुकरात हाडं होती अन् बुडाशी थोडंसं पाणी.

घरातून कविताचा आवाज आला, "बाई, झालं का वो?"

मी काय करायले पाहिजे होतं? मले वास आला, मी प्याली, एवढं म्हणून टाकायले पाहिजे होतं. कविता हसली असती. खरंच हसली असती ती, म्हणाली असती, बाई, अर्धा अर्धा करू. मी गुंडातलं पाणी घेतलं, त्याच हाडांवर ओतलं, झाकण लावलं अन् जाळ वाढवला.

दुसऱ्यांदा शिट्ट्या झाल्या. दुसरं पाणी पातळ निंघते, त्याले रंग नसते, हाडातलं जे होतं ते पहिल्या पाण्यात गेलेलं असते. मी चिमूटभर हळद जास्त टाकली. तांदळाची पिठी कालवून सोडली, दाट दिसायले. पळीत जवसाचं तेल कडकडीत तापवून वरून ओतलं, तवंग दिसायले. दिसलाही. अन् वाटी भरून कविताले नेऊन दिली. ती म्हणाली, "बाई, किती धुरात बसता तुम्ही माह्यापायी." अन् सारा प्याली, शेवटच्या थेंबापर्यंत.

एक दिवस झालं असतं तं विसरली असती मी. पण मंग ते रोजचंच झालं. पहिलं पाणी माहं, दुसरं तिचं. अन् तुम्हाले सांगते, त्या शिट्ट्या साऱ्या घराले ऐकू येत. सासू ओट्यावर पोरीले मांडीवर घेऊन बसलेली असे, शेजारच्या बाया डोकावत. एकदा शिट्ट्या होऊन थांबत, मंग पुन्हा सुरू होत. सासू त्या बायांले म्हणे, "आमची मोठी हाडाचा कण अन् कण काढते. दोन दोनदा लावते कुकर. सख्खी बहीणही करणार नाई." गावभर माहं नाव झालं. मी ते ऐकलं अन् खाली पाहून चूल फुंकली.

कविताले दूध उतरलं नाई. सुरुवातीले जे आलं ते आलं, मंग कमी होत गेलं. पोरगी ओढे, सोडून देये, रडे, पुन्हा ओढे. कविता रडे. सासूले आधी काळजी वाटली, मंग राग यायले लागला. "एवढा सुरवा पिऊन राह्यली, जाते तरी कुठी? अंगाले लागतच नाई हिच्या. अंगच खोटं." हे ती कवितासमोर म्हणाली. मी तिथीच उभी होती, हातात रिकामी वाटी. अन् तेवढ्यात माह्याकडं पाहून म्हणाली, "मोठीचं पहा, धुरात बसूनही तोंड कसं भरलं." खरंच भरलं होतं. माह्या बांगड्या घट्ट व्हायले लागल्या होत्या.

गावात नर्सबाई यायची. तिनं सांगितलं होतं, सुरव्याचंच काही नाई, वरणभातानंही दूध येते, बाळंतिणीले पोटभर खाऊ द्या, अन् रडू देऊ नका. तिचं म्हणणं खरं असन. माह्याच अंगानं मले ते दाखवलं होतं. म्हणजे दूध आटलं ते माह्यामुळं नसन, असंही म्हणता येते. मी लय दिवस या एका गोष्टीच्या आड बसून काढले. पण हेही मले दिसत होतं का आमच्या घरात बाळंतिणीले दुसरं काही देतच नव्हते. सुरवा अन् भात, एवढंच तिचं जेवण. तो सुरवा म्हणजे हळदीचं पाणी. अन् ती रडून राह्यली होती, तेही त्याच सुरव्यापायी — एवढं पिऊनही दूध येत नाई म्हणून.

एकदा तं ती मलेच म्हणाली, "बाई, तुम्ही एवढं करता अन् मी तुमचं नाव खराब करून राह्यली." तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायचं ना. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, होते एखादीचं असं.

पोरगी वाळली. मोनी नाव ठेवलं होतं तिचं. तिले दवाखान्यात न्यावं लागलं, तिथी डब्याचं दूध सुरू केलं. वाचली. त्यानंतर बाटलीच. अन् बाटली काय, कोणीही देऊ शकते. कविताचं मन उडालं होतं. पोरगी छातीशी आली का ती अंग चोरायची, भ्यायची तिले. मंग बाटली कोण देणार?

मी दिली.

आता जे सांगते ते सांगायलेच मी इतका वेळ इकडं तिकडं फिरून राह्यली. मोनी माह्या मांडीवर बाटली पिऊन झोपायची. बाहेर पाणी पडून राह्यलेलं, घरात अंधार-अंधारसा, तिची मूठ माह्या पदराले धरलेली. अन् मले बरं वाटलं. पश्चात्ताप नाई, भीती नाई — सुख वाटलं. आतल्या खोलीत तिची माय भिंतीकडं तोंड करून पडली होती, अन् इथी मी सुखात होती. मले हेवा नव्हता असं मी इतकी वर्षं धरून चालली. होता. ती चोरी मी भुकेनं सुरू केली असन. पण थांबवली नाई ती कशासाठी, हे तेव्हाही मले आत कुठंतरी माहीत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरात मटण झालं. सारे हात चाटून जेवले. मले वाढलं तं मी म्हटलं, नको, पायांच्या वासानं मन विटलं. सासूले तेही खरंच वाटलं.

कविताले पुढं मुलगा झाला. रस्ता उघडा होता, माहेरीच झाला. पण तिनं पहिल्या दिवसापासून डबाच आणून ठेवला. पोराले छातीशी लावलंच नाई. मायनं म्हटलं, नर्सनं म्हटलं, ती म्हणे, "माह्यात नाई ते. मोठ्या बाईनं जीव ओतला तरी आलं नाई, आता काय येते." तिचीच माय मले हे सांगत होती, अन् वरून माहे आभार मानत होती. मी चहा ठेवायले उठली.

मोनी मले मोठी माय म्हणते. आता तिचं लग्न झालं. मागच्या हिवाळ्यात ती बाळंतपणाले घरी आली. सासू आता नाई, माहा नवराही नाई, घरात गॅस आहे. कविता माह्याजवळ आली अन् पदर सारखा करत म्हणाली, "बाई, पोरीचा सुरवा तुम्हीच करा. माह्या हातचा नको. माहं अंग तसं, माह्या हाताले तरी काय गुण असन."

मी केला. पाये आणवले, जाळले, खरवडले, तोडले. एकदाच पाणी घातलं, एकदाच कुकर लावला. मीठसुद्धा पाह्यलं नाई. सारं पहिलं पाणी गाळून मोनीले दिलं, रोज. हाडं कुत्र्याले. अन् पोरीले दूध आलं. नातू पिऊन पिऊन झोपायचा, तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ यायचा.

त्याच दिवसांतली दुपार. मोनी वाटी तोंडाले लावून पीत होती, कविता बाजूले बसली होती. पोरीनं वाटी खाली ठेवली अन् हसायले लागली. "मोठी माय, ओठ चिकटून राह्यले वो. डिंकावानी." चिकटतातच. पायाचा खरा सुरवा असन तं ओठाले ओठ चिकटतात, हाडातलं सारं त्यात उतरलेलं असते. त्यावरूनच तं समजते.

कविता मोनीच्या तोंडाकडं पाहत राह्यली. बोट पुढं करून तिनं पोरीच्या ओठाले लावलं, अन् आपल्या अंगठ्यावर घासून पाह्यलं. मंग माह्याकडं वळली.

"मले असं झाल्याचं ध्यानात नाई, बाई. माहे चिकटत होते का?"

ती विचारूनच राह्यली होती हो. शंका नव्हती तिच्या आवाजात, आठवत नाई म्हणून विचारलं तिनं. आता भ्यायचं काही उरलं नव्हतं. सासू नव्हती, गाव नव्हतं, इज्जत जायची तं कोणापुढं? एक 'नाई' म्हणायचं होतं. तेवढ्यानं तिचं इतक्या वर्षांचं अंग तिले परत मिळालं असतं.

मी म्हटलं, "हो. चिकटत होते."

"मंग माह्यातच खोट होती," कविता म्हणाली, अन् नातवाले उचलून मोनीच्या मांडीवर दिलं.